भंगारात काढण्यापूर्वी एक ठराव करावा : नाशिक जिल्ह्यातील ग्रंथालये आणि शाळांच्या विश्वस्तांस खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे आणि शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, कार्यकारी मंडळांचे सदस्य व मुख्याध्यापक यांस,

विषय : विंडोज १० असलेले जुने संगणक मोडीत न काढता त्यांवर लिनक्स बसविण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्या तारखेनंतर आपल्या वाचनकक्षांतील, संगणक प्रयोगशाळांतील आणि कार्यालयांतील हजारो संगणक बंद पडले नाहीत. ते सकाळी पूर्वीसारखेच सुरू होतात, आणि म्हणूनच या घटनेकडे बहुतेक संस्थांचे लक्ष गेलेले नाही. मात्र प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजविणारी जी दुरुस्ती दरमहा आपोआप येत असे, ती आता पैसे भरून वाढीव आधार घेतल्याशिवाय येत नाही. ज्या संगणकांवर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, सभासदांचे पत्ते, शिक्षकांच्या वेतनाची माहिती आणि संस्थेचे हिशेब आहेत, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे विंडोज ११ बसविणे. परंतु या आवृत्तीसाठी कंपनीने घातलेल्या अटींमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आवश्यक आहे. २०१७ पूर्वी घेतलेला जवळजवळ कोणताही संगणक या चाळणीतून पुढे जात नाही. आपल्याकडील शाळांना शासनाच्या योजनांतून, आमदार-खासदार निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून मिळालेले संगणक बहुतांशी चौथ्या ते सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे आणि ४ जीबी रॅमचे आहेत. त्यांचे मदरबोर्ड, मॉनिटर आणि कीबोर्ड ठणठणीत आहेत. त्यांच्यात बिघाड काहीच नाही. केवळ एका कंपनीच्या यादीत त्यांचे नाव नाही.

मी नाशिकमधील एका तंत्रनिकेतनात अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकविले आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या काही शाळांच्या व ग्रंथालयांच्या संगणकांची देखभाल विनामूल्य करतो. त्या नात्याने या विषयावर संस्थांमध्ये होणारी चर्चा मी जवळून ऐकत आहे, आणि ती चर्चा मला तीनच वाटांवर फिरताना दिसते. पहिली वाट म्हणजे आहे तसेच चालू ठेवणे. दुसरी म्हणजे एखाद्या दुकानदाराकडून अटींना वळसा घालून विंडोज ११ बसवून घेणे, ज्याला कंपनीचा अधिकृत आधार नसतो आणि पुढच्या एखाद्या मोठ्या अद्ययावतीकरणात तो संगणक अडणार नाही याची हमीही कोणी देत नाही. तिसरी म्हणजे सगळे संगणक एकगठ्ठा मोडीत काढून नवे घेणे. यांपैकी तिसऱ्या वाटेची कोटेशन्स काही संस्थांच्या टेबलांवर येऊनही पडली आहेत. त्यांवर सह्या होण्यापूर्वी चौथ्या वाटेचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

न्याय्य बोलायचे तर, मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-दुरुस्तीची सोय ठेवलेली आहे. व्यावसायिक व इतर संस्थांसाठी ती पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे अशी आहे. शैक्षणिक संस्थांना ती पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर अशा नाममात्र दरात मिळते. ज्या शाळांकडे अधिकृत परवाने आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी आणि मिळालेला अवधी शांतपणे स्थलांतरासाठी वापरावा. परंतु ही मुदतवाढ आहे, उत्तर नव्हे; आणि ज्या लहान ग्रंथालयांना शैक्षणिक दर लागू होत नाही, त्यांना ६१, १२२, २४४ डॉलरची चढण परवडणारी नाही. वर्गवारीप्रमाणे मिळणाऱ्या शासकीय अनुदानातून सेवकांचे वेतन, वर्तमानपत्रांची बिले आणि वीजबिल भागविताना होणारी ओढाताण या पत्राच्या वाचकांना मी सांगायला हवी असे नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. आपल्या अनेक संस्थांतील विंडोज आणि ऑफिस यांच्या प्रती मुळात परवान्याच्याच नाहीत. संगणक घेताना विक्रेत्याने सर्व काही टाकून दिले, पुढे कोणीतरी फॉरमॅट मारताना क्रॅक केलेली प्रत बसविली, आणि कागदोपत्री त्याचा कोठेही उल्लेख राहिला नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक-आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. आर्थिक लाभासाठी वापर झालेला नसेल, तर कारावास न देण्याचा आणि दंड ५० हजारांच्या आत ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कायद्याची भीती दाखविणे हा माझा हेतू नाही. मला अधिक खटकते ते हे, की ज्या खोलीत आपण मुलांना लेखकाचा हक्क आणि पुस्तकाची पायरसी या विषयांवर निबंध लिहायला सांगतो, त्याच खोलीत त्यांना चोरीच्या प्रतीवर काम करायला बसवितो. शिवाय अशा क्रॅकसोबत येणारे घातक प्रोग्राम संगणकात मुक्काम ठोकतात, हा निव्वळ तांत्रिक तोटा वेगळाच.

चौथी वाट म्हणजे लिनक्स ही विनामूल्य मिणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत मुक्त प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रणालीला आवश्यक असलेला गाभा, म्हणजे कर्नल, लिहून जगाला खुला केला. या दोहोंच्या संयोगातून आणि पुढे हजारो लोकांच्या श्रमातून तयार झालेल्या प्रणाली कोणीही वापरू शकतो, त्यांचा मूळ कोड वाचू शकतो, त्यात बदल करू शकतो आणि त्यांच्या हव्या तितक्या प्रती काढून वाटू शकतो. परवान्यातच तशी मोकळीक दिलेली आहे. त्यामुळे एका शाळेने तयार केलेली पेनड्राइव्ह शेजारच्या शाळेला देणे हे येथे पूर्णपणे कायदेशीर कृत्य ठरते. ही प्रणाली केवळ तज्ज्ञांसाठी आहे, हा समज आता मागे पडायला हवा. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे, आणि २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी पाहिली तर त्यातील सर्वच्या सर्व संगणक लिनक्सवर चालतात.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत आणि त्या विपुलतेमुळेच नवखा माणूस बिचकतो. माझे मत विचाराल तर आपल्या संस्थांनी निवडीच्या चर्चेत फार वेळ घालवू नये. विंडोजची सवय असलेल्यांसाठी लिनक्स मिंट सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचा खालचा पट्टा, मेनू आणि फोल्डरची मांडणी ओळखीची वाटते. त्यातील एक्सएफसीई नावाची आवृत्ती हलकी असून २ जीबी रॅमवर चालते व ४ जीबीवर समाधानकारक काम करते. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्ती मिळणार आहे, म्हणजे आज बसविलेली प्रणाली काही वर्षे निर्धास्तपणे वापरता येईल आणि त्यानंतरची आवृत्तीही विनामूल्यच असेल. ज्यांना भारतीय संस्थेने तयार केलेली प्रणाली हवी असेल, त्यांच्यासाठी सी-डॅकची बॉस ही डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारावर आधारलेली प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे.

जुन्या संगणकाचा संथपणा मात्र केवळ प्रणाली बदलून पूर्ण जात नाही. त्याचे मोठे कारण त्यातील फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून तिच्या जागी साधी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसविली, की तोच संगणक ओळखू येणार नाही इतका तत्पर होतो. हा खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत अगदी लहान आहे, महात्मा गांधी रस्त्यावरील कोणत्याही संगणक दुरुस्ती करणाऱ्याकडे हे काम होते, आणि माझा आग्रह असा, की उपलब्ध निधीतला पहिला रुपया एसएसडीवर खर्च व्हावा. दोन जीबीपेक्षा कमी रॅम असलेले किंवा ३२-बिट प्रोसेसरचे फार जुने संगणक वाचविण्याचा अट्टहास करू नये. मुख्य लिनक्स प्रणालींनीही त्यांची साथ आता सोडलेली आहे.

हे सर्व कोणी मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे का, असा प्रश्न विश्वस्त म्हणून आपण विचारणे योग्यच आहे. केरळने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तेथील शासनाच्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने, जो पुढे २०१७ मध्ये ‘काइट’ या कंपनीत रूपांतरित झाला, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारित स्वतःची प्रणाली तयार केली, तीत मल्याळम लेखनाची आणि शालेय विषयांची साधने घातली, माहिती तंत्रज्ञानाची पाठ्यपुस्तके त्याच साधनांवर बेतली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. एका संपूर्ण राज्याच्या सरकारी व अनुदानित शाळांची मुले गेली अनेक वर्षे या प्रणालीवर शिकत आहेत. आपल्या देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पातही उबुंटू लिनक्स स्वीकारले गेले आणि न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना त्याचे शिक्षण देण्यात आले. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केलेले आहे, त्यामुळे लेखापरीक्षणात या निर्णयाचे समर्थन करणे आपल्याला अवघड जाऊ नये.

फसलेले उदाहरणही सांगायला हवे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये तेथील नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, बाहेरच्या कार्यालयांशी होणाऱ्या कागदपत्रांच्या देवाणघेवाणीतील अडचणी आणि बदललेले राजकीय मत ही कारणे त्या वेळी पुढे आली. तंत्र चालत होते, तरी त्यामागे उभे राहणारे लोक टिकले नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावतो. म्हणूनच मी हे पत्र संगणक-शिक्षकांना न लिहिता विश्वस्तांना लिहीत आहे. शिक्षक बदलून जातो, हौशी कार्यकर्ता कंटाळतो. मंडळाचा ठराव मात्र इतिवृत्तात राहतो.

आता मराठीविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या संस्थांची खरी अडचण तेथेच आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधील सुरेख अशा फॉन्टांत टंकित झाला. या फॉन्टांत ‘क’ दिसतो खरा, पण संगणकाच्या दृष्टीने तेथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. ग्रंथालयाची दाखलनोंद, सभासदांची यादी, शाळेच्या वार्षिक अंकांचा मजकूर, सभांची इतिवृत्ते असा आपला कितीतरी ऐवज या रूपात अडकून पडलेला आहे. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि तो इंटरनेटवर ठेवता येत नाही. लिनक्सकडे जाताना ही अडचण समोर येते आणि मग ‘लिनक्समध्ये मराठी चालत नाही’ असा शेरा मारला जातो. वस्तुस्थिती अशी आहे, की हीच फाइल नव्या विंडोजवर तो जुना फॉन्ट न टाकता उघडली तरी तशीच दिसेल.

जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारे मानक म्हणजे युनिकोड. त्याच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिचे स्वतःचे संकेतांक मिळालेले आहेत आणि लिनक्समध्ये युनिकोड मराठी कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर न घेता चालते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय भाषांपैकी मराठी निवडली, की भारत सरकारने प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट रचना किंवा ध्वन्यनुसारी रचना वापरता येते. लोहित, नोटो आणि मुक्त परवान्याने उपलब्ध असलेला मुक्ता हे फॉन्ट छपाईसाठीही उत्तम आहेत. एमएस ऑफिसच्या जागी वापरता येणाऱ्या लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरचे मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात. लहान गावातील शाळेच्या लिपिकाला किंवा आठवीतल्या मुलीला आपल्या भाषेतील मेनू दिसणे याचे मोल मला फार वाटते. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, परंतु रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत ते चुका करतात, त्यामुळे परिवर्तनानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. हे काम कष्टाचे आहे आणि ते लिनक्ससाठी नव्हे, तर आपल्या नोंदी पुढच्या पिढीला वाचता याव्यात यासाठी करायचे आहे. १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन करणाऱ्या या शहराच्या संस्थांनी आपलेच दप्तर एका फॉन्टच्या स्वाधीन करून ठेवावे, हे शोभणारे नाही.

ग्रंथालयांसाठी आणखी एक गोष्ट. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली वापरात आलेले कोहा हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असून ते लिनक्सवरच नांदते. देवघेव, दाखलनोंद, वर्गणी आणि वाचकांना घरून पाहता येणारी तालिका या सर्व गोष्टी त्यात आहेत व मराठी युनिकोड नोंदी त्यात व्यवस्थित शोधता येतात. एका जरा बऱ्या संगणकावर कोहा बसवून बाकीच्या संगणकांवरून केवळ ब्राउझरद्वारे काम करता येते. वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांवर मिंटमधील पाहुण्यांसाठीच्या तात्पुरत्या सत्राची सोय सुरू ठेवावी. वाचक उठून गेला, की त्याने उघडलेले मेल, उतरविलेली प्रवेशपत्रे आणि पासवर्ड यांतील काहीही मागे राहत नाही. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरण्यासाठी अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने ही सुरक्षितता फार महत्त्वाची आहे. पेनड्राइव्हमधून शाळाशाळांत पसरणारा आणि फाइलींच्या जागी शॉर्टकट दाखविणारा जो व्हायरस सर्वांच्या परिचयाचा आहे, तो विंडोजसाठी लिहिलेला असल्याने लिनक्सवर चालत नाही. लिनक्सला घातक प्रोग्रामांचा धोका अजिबात नाही असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मात्र रोजचा हा उपद्रव नक्की थांबतो.

शाळांच्या बाबतीत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा माझ्या डोळ्यांपुढे आहेत, जेथे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात. किविक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका फाइलीत उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम, प्रोग्रामिंगच्या ओळखीसाठी स्क्रॅच ही सर्व साधने विनामूल्य आहेत व नेट नसतानाही चालतात. शहरातील शाळेने तयार केलेला संगणक जसाच्या तसा अशा शाळेला देता येतो आणि त्यासोबत कोणताही परवाना हस्तांतरित करावा लागत नाही.

काही कामे मात्र लिनक्सवर हलवू नयेत, आणि ती कोणती हे आधीच ठरविले तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, त्यामुळे हिशेबाचा संगणक विंडोजवरच राहू द्यावा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे यांचे ड्रायव्हर बहुधा विंडोजसाठी केलेले असतात. ज्या टेबलावर ती लागतात ते टेबल बदलू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ऑटोकॅडवर काम करणारी मुले तयार करणाऱ्या तंत्रनिकेतनांनी व आयटीआयनी आपली कॅड प्रयोगशाळा अबाधित ठेवावी. मुद्रणाचे अभ्यासक्रम कोरलड्रॉवर चालत असतील तर तेही तसेच राहावेत. याउलट यू-डायस प्लस, सरल, शालार्थ यांसारखी शासकीय कामे ब्राउझरमधून होतात, आणि ब्राउझर लिनक्सवर तोच आहे. माझा अनुभव असा, की साधारण शाळेत कार्यालयातील एक-दोन संगणक वगळता बाकी सर्व यंत्रे लिनक्सवर नेता येतात. ते एक-दोन संगणक रीतसर परवान्यासह नवे घ्यावेत; वीस नवे घेण्यापेक्षा ते कितीतरी परवडते.

पालक एक प्रश्न हमखास विचारतील : एमएस-सीआयटी आणि नोकरीच्या ठिकाणी विंडोज व एक्सेल लागते, मग मुलांचे नुकसान होणार नाही का? हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. तक्ता मांडणे, सूत्र लिहिणे, आलेख काढणे, पत्र टाइप करून त्याची मांडणी करणे ही कौशल्ये लिब्रेऑफिसमध्ये शिकली तरी एक्सेल-वर्डमध्ये तशीच उपयोगी पडतात. बटणांच्या जागा बदलतात, त्यांची सवय थोड्या सरावाने होते. शासकीय टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र शेवटचा सराव परीक्षेच्याच सॉफ्टवेअरवर करावा, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत काही विंडोज यंत्रे ठेवण्यास माझी काहीच हरकत नाही. दोन वेगवेगळ्या प्रणाली हाताळलेला विद्यार्थी तिसऱ्या प्रणालीला घाबरत नाही, हे मी अनेक वर्षे वर्गात पाहिले आहे.

प्रिंटरची तपासणी आधी करा. बहुतेक एचपी प्रिंटर लिनक्स ओळखते, जरी लेझरजेट १०२० सारख्या काहींसाठी एक वेगळा प्लगइन उतरवून घ्यावा लागतो. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक कार्यालयात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर बसविणे कटकटीचे आहे. तो विंडोज ठेवलेल्या संगणकालाच जोडावा.

प्रत्यक्ष कामाची पद्धत मला सुचते ती अशी. प्रथम प्रत्येक संगणकाची नोंद करावी : प्रोसेसर, रॅम, डिस्क, कोणत्या कामासाठी वापर, कोणता प्रिंटर जोडलेला. मग मिंटची पेनड्राइव्ह तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करावा. यात डिस्कला हात लागत नाही. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालते आणि आवाज, वाय-फाय, छपाई, मराठी टंकलेखन हे सर्व बसविण्यापूर्वीच पाहून घेता येते. त्यानंतर सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर तपासून, मगच एक संगणक बदलावा. तो एक महिना सर्वांनी वापरावा, तक्रारी वहीत लिहाव्यात आणि त्या सोडवून झाल्यावर पुढचे संगणक घ्यावेत. परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत हे काम काढू नये. दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना त्यासाठी योग्य.

देखभाल कोण करील, ही शंका मी सर्वाधिक ऐकतो. वार्षिक देखभालीचा करार करताना लिनक्सवरील संगणकांची देखभालही त्यात समाविष्ट असेल, असे एक वाक्य करारात घालावे. संस्थांनी मागणी केली, की विक्रेते शिकून घेतात. दुसरे असे, की नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. त्यांतील संगणक शाखेची मुले लिनक्स अभ्यासक्रमातच शिकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांमध्ये त्यांना एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची प्रयोगशाळा नेमून दिली, तर दोन्हीकडचे काम होईल. महाविद्यालयांच्या विश्वस्तांनी यात पुढाकार घ्यावा, अशी माझी त्यांना वेगळी विनंती आहे.

मोडीत काढण्याबद्दलही लिहिले पाहिजे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुने संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवेत. प्रत्यक्षात ते वजनावर भंगारवाल्याला दिले जातात, तेथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किट फोडली जातात, आणि त्यांतील शिसे व कॅडमियम माती-पाण्यात मिसळते. ज्या शहरात सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धतेची चर्चा पुन्हा जोरात सुरू आहे, तेथील शिक्षणसंस्थांनी चालू स्थितीतले संगणक या मार्गाने घालवू नयेत. शिवाय डिस्क न पुसता दिलेल्या संगणकांबरोबर विद्यार्थ्यांची सर्व माहितीही बाहेर जाते, याचा विचार तर क्वचितच होतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या मंडळाच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि पुढील आशयाचा ठराव मांडावा : ‘संस्थेतील सर्व संगणकांची तांत्रिक नोंद दोन महिन्यांत पूर्ण करावी, ती होईपर्यंत एकही चालू संगणक निर्लेखित करू नये अथवा त्याच्या बदल्यात नवा खरेदी करू नये, वाचक व विद्यार्थी यांच्या वापरातील जे संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहेत, त्यांपैकी एकावर प्रायोगिक तत्त्वावर लिनक्स बसवून त्याचा अहवाल पुढील बैठकीत ठेवावा, संस्थेचा यापुढील सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा, आणि या कामाची जबाबदारी मंडळाच्या एका सदस्यावर नावानिशी सोपवावी.’ ज्या संस्था असा ठराव करतील, त्यांची संगणक-नोंद तपासून देण्याचे आणि पहिली पेनड्राइव्ह तयार करून देण्याचे काम मी आनंदाने करीन. त्यासाठी मला कोणतेही मानधन नको.

कळावे,

आपला विश्वासू,
तंत्रनिकेतनातील एक निवृत्त अध्यापक आणि ग्रंथालयाचा आजीव सभासद,
नाशिक